'क्लेम': लँकशायरच्या बोलीतील भुकेचा शब्द आणि त्याचा कर्ता

१. प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी औद्योगिक कादंबरी शिकताना विद्यार्थ्यांची पहिली अडचण बोलीची असते. गिरणी कामगार बोलू लागले की पानाच्या तळाशी टिपा येऊ लागतात. वाचक टीप पाहतो, प्रमाण इंग्रजीतील अर्थ ध्यानात घेतो आणि पुढे जातो. शब्द समजला, असे त्याला वाटते. या घटकात आपण अशाच एका शब्दापाशी थांबणार आहोत. तो शब्द म्हणजे 'क्लेम'. त्याचा अर्थ उपाशी राहणे, भुकेने खंगणे, उपाशी मारणे.

उच्चाराविषयी आधीच एक सूचना. विम्याचा 'क्लेम' करतो त्या 'दावा' अर्थाच्या शब्दाशी याचा काहीही संबंध नाही. दाव्याच्या शब्दात 'ए' दीर्घ आहे, या शब्दात तो ऱ्हस्व आहे. 'पेन', 'जेम' या शब्दांत येतो तसा. देवनागरीत हा फरक दाखवण्याची सोय नसल्याने दोन्ही शब्द सारखेच लिहावे लागतात. या घटकात 'क्लेम' म्हणजे सर्वत्र बोलीतील शब्द समजावा, आणि 'क्लेम्ड' हे त्याचे भूतकाळवाचक व विशेषणासारखे वापरले जाणारे रूप समजावे.

घटकाचा मुख्य मुद्दा असा. 'क्लेम' हा 'हंगर' या शब्दाचा निव्वळ ग्रामीण पर्याय नाही. 'हंगर' एक भावना सांगतो. 'क्लेम' एक घटना सांगू शकतो, आणि घटना म्हटली की ती घडवणारा कोण, हा प्रश्न येतो. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या दोन कादंबऱ्यांत हा प्रश्न मध्यवर्ती आहे. तळटिपेने मात्र तो नकळत झाकला आहे.

२. शब्दाचा अर्थ आणि प्रदेश

'क्लेम' हा मुख्यतः लँकशायर, चेशायर, स्टॅफर्डशायर व लगतच्या भागांतला शब्द. काही ठिकाणी त्याचे 'क्लॅम' असे रूप आढळते. जोसेफ राइट यांच्या सहा खंडांच्या इंग्रजी बोलीकोशात (१८९८ ते १९०५) त्याची नोंद आहे. राइट हे यॉर्कशायरमधील गरीब घरातले. लहानपणी गाढवगाडी हाकणारा मुलगा, मग गिरणीत बाल-कामगार, आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक असा त्यांचा प्रवास झाला. पौगंडावस्थेत येईपर्यंत त्यांना धड वाचता येत नव्हते. बोलीतील शब्दांना कोशात मानाने बसवणारा माणूस स्वतः त्या बोलीतून आलेला होता, हे लक्षात ठेवावे.

विसाव्या शतकाच्या मध्यास लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या बोलींची पाहणी झाली. ३१३ ठिकाणच्या, बहुतांशी वयस्कर ग्रामीण माणसांना ठरावीक प्रश्न विचारून शब्द गोळा केले गेले. 'भुकेला' या अर्थासाठी मिळालेल्या शब्दांत वायव्येकडे 'क्लेम्ड' व 'क्लॅम्ड' ही रूपे होती, तर नैर्ऋत्येकडे 'लीअर' हा शब्द होता. 'लीअर'चा मूळ अर्थ 'रिकामा'. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद शब्द आजही 'रिकामा' याच अर्थाने वापरतात. म्हणजे एकाच देशात भुकेकडे पाहण्याच्या निदान दोन रीती होत्या. एका भागात भूक म्हणजे रिकामेपण. दुसऱ्या भागात ती काय होती, ते पुढे व्युत्पत्तीत दिसेल.

येथे 'स्टार्व्ह' या शब्दाचाही विचार केला पाहिजे. आजच्या प्रमाण इंग्रजीत त्याचा अर्थ उपाशी मरणे. मुळात मात्र त्याचा भुकेशी संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीतील 'स्टेओर्फान' म्हणजे फक्त 'मरणे', आणि जर्मन भाषेतील 'श्टेर्बेन' आजही तोच अर्थ सांगतो. पुढे इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आकुंचित झाला. दक्षिणेत व प्रमाण भाषेत तो भुकेच्या मरणापुरता उरला. उत्तरेकडच्या बोलींत मात्र 'स्टार्व्ह्ड' म्हणजे थंडीने गारठलेला. त्यामुळे लँकशायरच्या कामगाराला दोन वेगळ्या यातनांसाठी दोन वेगळे शब्द होते. थंडीसाठी 'स्टार्व्ह', भुकेसाठी 'क्लेम'. कोळसा संपलेल्या आणि पीठही संपलेल्या घरात हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येऊ शकत. 'क्लेम'चा अर्थ प्रमाण इंग्रजीत 'स्टार्व्ह' असा देताना हा भेद नाहीसा होतो.

३. व्युत्पत्ती: पकड आणि चिमटा

जुन्या इंग्रजीत 'क्लाम्' हे नाम होते. अर्थ बंध, बेडी, पकड. त्यापासून 'बेक्लेमान्' हे क्रियापद, म्हणजे जखडणे, बंदिस्त करणे. डच व जर्मन भाषांत 'क्लेमेन' हे क्रियापद आजही चिमटणे, दाबून धरणे, अडकवणे या अर्थांनी वापरात आहे. घट्ट मिटणाऱ्या शिंपल्याला इंग्रजीत 'क्लॅम' म्हणतात, सुताराच्या पकडीला 'क्लॅम्प' म्हणतात. हे सर्व शब्द याच कुळातले मानले जातात. बोलीतील 'क्लेम' याच कुळातून आला असावा, असे कोशकार सामान्यतः सांगतात.

नामातील 'आ' क्रियापदात 'ए' का झाला? जर्मानिक भाषांत नामापासून क्रियापद साधताना जो प्रत्यय लागत असे, त्यातील तालव्य ध्वनीमुळे आधीचा स्वर बदलत असे. प्रत्यय झिजून गेला, बदललेला स्वर राहिला. आजच्या इंग्रजीतील 'फूड' व 'फीड' ही जोडी पाहा. 'फूड' म्हणजे अन्न, 'फीड' म्हणजे अन्न देणे. 'ब्लड' आणि 'ब्लीड' ही जोडीही तशीच. त्याच रीतीने 'क्लाम्' म्हणजे पकड, आणि 'क्लेम' म्हणजे पकडीत घालणे. 'फीड' आणि 'क्लेम' हे दोन शब्द एकाच व्याकरणाच्या साच्यातून निघाले, आणि अर्थाने एकमेकांविरुद्ध उभे राहिले. एक खाऊ घालतो, दुसरा उपाशी मारतो.

आवळणे, चिमटणे या क्रियेवरून भुकेचा अर्थ कसा आला, हे समजायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत. आपण 'पोटाला चिमटा काढणे' म्हणतो. भुकेने 'आतडी पिळवटतात'. 'पोट खपाटीला जाते'. शरीराला भूक जशी जाणवते तशी भाषा तिला नाव देते, आणि ती जाणीव दूरदूरच्या भाषांत सारखी असू शकते.

तरीही येथे सावध राहायला हवे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. १८४० च्या सुमारास मँचेस्टरमधील विणकर 'क्लेम्ड' म्हणत होता, तेव्हा त्याच्या मनात जुन्या इंग्रजीतली बेडी नव्हती. शब्दाचे मूळ सापडले की तेच त्याचे 'खरे' रूप मानून साहित्यकृतीचा अर्थ लावणे ही समीक्षेतली नेहमीची चूक आहे. आपला युक्तिवाद म्हणून बेडीवर उभा करता येणार नाही. तो शब्दाच्या प्रत्यक्ष वापरावर, म्हणजे व्याकरणावर उभा केला पाहिजे.

आणि व्याकरण काय सांगते? 'क्लेम' हे अकर्मक आणि सकर्मक असे दोन्ही प्रकारे चालणारे क्रियापद आहे. माणूस 'क्लेम' होतो, म्हणजे उपाशी राहतो. तसेच एक माणूस दुसऱ्याला 'क्लेम' करतो, म्हणजे उपाशी मारतो. सकर्मक वापर जुना आहे. बेन जॉन्सनच्या 'पोएटास्टर' (१६०१) या नाटकात कॅप्टन टक्का हे फुशारकी मारणारे पात्र आपल्याला आणि आपल्या माणसांना कोणी उपाशी ठेवणार काय, या अर्थाने हेच क्रियापद कर्मासह वापरते. 'हंगर' या क्रियापदाचा असा वापर प्रमाण इंग्रजीत सहज होत नाही. 'हंगर' म्हणजे एखाद्या गोष्टीची ओढ लागणे.

४. 'मेरी बार्टन'मध्ये कोण कोणता शब्द वापरतो

एलिझाबेथ गॅस्केल (१८१० ते १८६५) यांचा जन्म लंडनचा, बालपण चेशायरमधील नट्सफर्डचे. पती विल्यम हे मँचेस्टरच्या क्रॉस स्ट्रीट चॅपलमध्ये युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. १८४५ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा लाल तापाने गेला. त्या दुःखातून मन वळवण्यासाठी लिहायला घेतलेली कादंबरी म्हणजे 'मेरी बार्टन'. ती १८४८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली.

कादंबरीतील जॉन बार्टन हा विणकर. त्याचा लहान मुलगा टॉम तापातून उठू पाहत असतो, पण त्याला सकस अन्न हवे असते आणि बापाला काम नसते. बार्टन खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या काचेसमोर उभा असतो. त्याच वेळी त्याच्या पूर्वीच्या मालकाची पत्नी दुकानातून खरेदी करून बाहेर पडते, मेजवानीसाठी लागणारे पदार्थ घेऊन. बार्टन घरी येतो तेव्हा मुलगा गेलेला असतो. पुढे कार्सन यांची गिरणी जळते. विमा असल्याने मालकांना ती पुन्हा उभी करण्याची घाई नसते. कामगार मात्र बेकार होतात. त्यांतला डॅव्हनपोर्ट एका ओल्या तळघरात तापाने मरायला टेकलेला असतो, आणि त्याची बायकामुले उपाशी असतात.

या प्रसंगांत बोलणारे कामगार 'क्लेम' म्हणतात. निवेदिका प्रायः 'हंगर' म्हणते. कार्सन यांच्या घरचा प्रसंग या दृष्टीने वाचावा. डॅव्हनपोर्टसाठी रुग्णालयाची चिठ्ठी मागायला जॉर्ज विल्सन मालकाच्या घरी जातो. तो स्वयंपाकघरात थांबलेला असतो, आणि न्याहारीच्या पदार्थांचा वास दरवळत असतो. आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात काही नाही. नोकरमाणसे वाईट नाहीत. हा उपाशी आहे हे त्यांना कळते तर त्यांनी पोटभर दिले असते, असे निवेदिका स्पष्ट सांगते. पण स्वतःला भूक नसल्याने दुसऱ्याला ती असू शकते, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. आणि निवेदिका पुढे सुचवते की आपणही सगळे असेच आहोत.

हे निरीक्षण प्रामाणिक आहे, आणि लेखिकेची भूमिका त्यात नेमकी दिसते. तिच्या मते उपासमारीचे मूळ विसरण्यात आहे. सुस्थितीतली माणसे भूक विसरतात, म्हणून त्यांना आठवण करून दिली पाहिजे. 'हंगर' हा शब्द या भूमिकेला साजेसा आहे. ती प्रत्येकाच्या शरीराला ठाऊक असलेली भावना आहे. वाचक आपली भूक आठवून दुसऱ्याची ओळखू शकतो.

जॉन बार्टनची भूमिका वेगळी आहे. त्याच्या दृष्टीने हे विसरणे नव्हे. गिरणी बंद ठेवण्याचा निर्णय कोणीतरी घेतला आहे. मजुरी कोणीतरी कमी केली आहे. त्याच्या तोंडी येणाऱ्या 'क्लेम' या शब्दात मालकांकडे बोट दाखवण्याची सोय आहे. वेतनाच्या वाटाघाटीत धनिकपुत्र हॅरी कार्सन कामगार प्रतिनिधींच्या हडकुळ्या, फाटक्या रूपाचे व्यंगचित्र काढतो आणि त्याखाली शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफचे विनोदी शब्द लिहितो. तो कागद कामगारांच्या हाती पडतो, आणि त्यातूनच खुनाच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात. भुकेने खंगलेले शरीर हा विनोदाचा विषय होतो, तेव्हा 'विसरले' हे स्पष्टीकरण पुरत नाही. कार्सनने नीट पाहिले आहे, पाहून चित्र काढले आहे.

कादंबरी या दोन भूमिकांमध्ये ताणलेली आहे. प्रस्तावनेत लेखिका म्हणतात की राजकीय अर्थशास्त्रातले आपल्याला काही कळत नाही. शेवटी मालक आणि खुनी कामगार यांच्यात क्षमेचा प्रसंग घडवून त्या मेळ घालतात. अनेक समीक्षकांना हा मेळ दुबळा वाटला आहे, आणि ते बरोबर आहे. पण पात्रांच्या तोंडचा शब्द त्यांनी काढून टाकला नाही, त्याजागी 'हंगर' घातला नाही. त्यामुळे निवेदिका ज्या प्रश्नाचे उत्तर टाळते, तो प्रश्न पात्रांच्या बोलीत शिल्लक राहतो. १८४९ मध्ये 'एडिंबरो रिव्ह्यू'त डब्ल्यू. आर. ग्रेग यांनी ही कादंबरी मालकांवर अन्याय करते अशी टीका केली. ग्रेग स्वतः गिरणीमालक घराण्यातले होते. शेवटच्या क्षमेने त्यांचे समाधान झाले नाही, कारण आरोप आधीच उच्चारला गेला होता.

५. तळटिपेने काय मिळवले, काय गमावले

'मेरी बार्टन'मधील बोलीवरच्या टिपा मुख्यतः विल्यम गॅस्केल यांच्या आहेत. लँकशायरच्या बोलीवर त्यांनी दिलेली दोन व्याख्याने १८५४ मधील पाचव्या आवृत्तीला जोडली गेली. त्यांचा हेतू उदात्त होता. गिरणी कामगारांची बोली ही बिघडलेली इंग्रजी आहे असा शिष्ट समज होता. विल्यम यांनी दाखवले की हे शब्द जुन्या इंग्रजीतले, चॉसरच्या काळातले, थोर नाटककारांचे आहेत. 'नाजूक' या अर्थाच्या 'नेश' शब्दाला त्यांनी जुन्या इंग्रजीचा आधार दिला. 'क्लेम'ला आधार दिला बेन जॉन्सनचा.

यात मिळवलेले थोडे नाही. ज्या शब्दाला वाचक हसला असता त्याला तळटिपेने कुळ दिले. महाराष्ट्रात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी या बोलींबाबत हा अनुभव आपल्याला आहे. एखादा बोलीतला शब्द ज्ञानेश्वरीत किंवा लीळाचरित्रात सापडला की तोच शब्द 'गावंढळ' न राहता 'प्राचीन' होतो. बोलणारी माणसे तीच असतात, पण ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो.

पण गमावलेलेही पाहिले पाहिजे. टीप 'क्लेम'चा अर्थ 'भुकेने उपाशी मरणे' असा देते. म्हणजे अकर्मक अर्थ. पुरावा म्हणून जी जॉन्सनची ओळ दिली आहे तिथेही क्रियापद अकर्मक आहे, त्या जागी कोणी कोणाला उपाशी मारत नाही. 'पोएटास्टर'मधला सकर्मक वापर उपलब्ध होता, पण तो टिपेत आला नाही. हे जाणूनबुजून केले असे म्हणण्याचे कारण नाही, टीपकार हाताशी असलेले उदाहरण देतो. परिणाम मात्र तोच राहतो. वरच्या मजकुरात कामगार आरोप करतो आहे आणि खालच्या टिपेत त्याच्या आरोपातला कर्ता गळून पडला आहे.

शिवाय तळटीप कोणासाठी असते, हाही प्रश्न आहे. मँचेस्टरच्या विणकराला 'क्लेम'चा अर्थ सांगावा लागत नव्हता. टीप आहे म्हणजे वाचक दुसऱ्या वर्गातला आहे, हे छापील पानच कबूल करते. ज्याने तो शब्द कधी वापरला नाही, त्याला वापरावा लागला नाही, अशा माणसासाठी हे पुस्तक आहे. पानाच्या वरच्या आणि खालच्या भागांत जे अंतर आहे, तेच त्या शहरात होते.

६. 'नॉर्थ अँड साउथ': कर्ता बदलतो

गॅस्केल यांची दुसरी औद्योगिक कादंबरी 'नॉर्थ अँड साउथ' ही चार्ल्स डिकन्स यांच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकातून १८५४-५५ मध्ये क्रमशः आली. दक्षिणेतून मिल्टन या काल्पनिक गिरणी-शहरात आलेली मार्गारेट हेल हळूहळू तिथले शब्द उचलते. तिच्या आईला ते रुचत नाही. असे गावठी शब्द बोलू नकोस, असे ती मुलीला बजावते. मार्गारेटला मात्र कळलेले असते की ज्या गोष्टी दक्षिणेत पाहिल्याच नाहीत, त्यांना दक्षिणेचे शब्द पुरणार नाहीत. येथे तळटिपेचे काम कथेतल्या पात्रानेच अंगावर घेतले आहे. वाचक मार्गारेटबरोबर शब्द शिकतो.

या कादंबरीत 'क्लेम'चा सर्वांत अस्वस्थ करणारा संदर्भ बाउचर या कामगाराशी जोडलेला आहे. संप चालू आहे. त्याची बायको आजारी, मुले लहान, धाकटा पोरगा भुकेने निपचित. तो संघटनेचा कट्टर कार्यकर्ता निकोलस हिगिन्स याच्या घरी येऊन आक्रोश करतो. तुम्हीच मला संपात ओढले, आता मुले 'क्लेम' होताहेत, असा त्याचा रोख आहे. मालक जुलमी असतील, पण संघटनाही तितकीच निर्दय आहे, असे तो सुनावतो. हिगिन्स त्याला धीर देतो, मदतही करतो. पुढे दंगलीत सापडलेला बाउचर ओढ्यात जीव देतो, आणि त्याच्या मुलांची जबाबदारी हिगिन्स घेतो.

'मेरी बार्टन'मध्ये आरोपाचे बोट एकाच दिशेला होते. येथे ते फिरले आहे. गॅस्केल यांनी संघटनेला बदनाम करण्यासाठी बाउचर रचला, असा आक्षेप घेता येतो, आणि त्यात तथ्य आहे. पण दुसरीही बाजू आहे. संपाचा निर्णय योग्य असला, तरी त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. अनेक लहान मुलांच्या बापाला ती आधी आणि अधिक पडते. चळवळीच्या लेखनात ही गोष्ट अनेकदा दडपली जाते. 'क्लेम' या शब्दाने ती येथे उघडी केली. कर्ता कोण, हा प्रश्न मालकापुरता मर्यादित न ठेवता तो स्वतःच्या बाजूच्या माणसांनाही विचारता येतो. हिगिन्सने मुले सांभाळणे हे त्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर आहे. तो शब्दांनी वाद घालत नाही, खायला घालतो.

७. 'कापसाचा दुष्काळ' आणि सुरत

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. लँकशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा वाटा अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे. तो तुटला. १८६२ च्या अखेरीस कापड-गिरण्यांच्या पट्ट्यात मदतीवर जगणाऱ्यांची संख्या सुमारे पाच लाखांवर गेली. या संकटाला वृत्तपत्रांनी व इतिहासकारांनी 'कॉटन फॅमिन' म्हणजे 'कापसाचा दुष्काळ' असे नाव दिले.

या नावाकडे नीट पाहावे. दुष्काळ कशाचा? कापसाचा. म्हणजे उपाशी कोण? नावावरून पाहिले तर गिरण्या. माणसांची भूक या नावात मागे राहते. त्याच काळात सॅम्युएल लेकॉक यांच्यासारखे कवी लँकशायरच्या बोलीत लिहीत होते. लेकॉक स्टेलीब्रिज येथे गिरणीत होते आणि या संकटात त्यांचेही काम गेले. त्यांच्या कविता सुट्या कागदांवर छापून विकल्या जात. संकटाला प्रमाण भाषेने अर्थव्यवस्थेच्या बाजूने नाव दिले, बोलीने ते चुलीच्या बाजूने सांगितले.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो. अमेरिकन कापसाच्या जागी हिंदुस्थानी कापूस आला. त्याला लँकशायरमध्ये सरसकट 'सुरत' म्हणत, मग तो गुजरातचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडचा. हा कापूस आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. सूत वारंवार तुटे, माग थांबे, आणि तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या विणकराची कमाई घटे. लेकॉक यांनी 'सुरत' विणणाऱ्याचे गाऱ्हाणे बोलीत गायले. देवा, कापूस पाठव, पण सुरत नको, अशी प्रार्थना कोणीतरी केल्याची आख्यायिकाही सांगितली जाते. पुढे तर 'सुरत' हा शब्द कोणत्याही हलक्या, भेसळीच्या मालासाठी वापरला जाऊ लागला, आणि हॉटन यांच्या इंग्रजी ग्राम्यभाषेच्या कोशात त्याची तशी नोंद झाली.

त्याच वर्षांत मुंबईत पैशांचा पूर आला होता. कापसाच्या भावाने शेअरचा सट्टा पेटला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि बँका व कंपन्या बुडाल्या. गावपातळीवर कर्जाचा सैल झालेला हात आवळला गेला. १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांमागे जी अनेक कारणे होती, त्यांत वाढलेल्या सारा-आकारणीबरोबर हेही एक होते. एका ठिकाणच्या विणकराच्या हातातला तुटका धागा आणि दुसऱ्या ठिकाणच्या शेतकऱ्याच्या घरातली सावकाराची वही एकाच बाजाराची दोन टोके होती. दोघांनाही एकमेकांचा शब्द ठाऊक नव्हता. विणकराला शेतकऱ्याची ओळख झाली ती 'सुरत' या शिवीतून.

८. मराठीत आणताना

'क्लेम'साठी मराठीत कोणता शब्द घ्यावा? हा अनुवादाचा प्रश्न आहे, तसाच तो समीक्षेचाही आहे, कारण शब्द निवडताना आपण कादंबरीचा अर्थ निवडतो.

'भूक' हा शब्द संस्कृत 'बुभुक्षा'वरून आला आहे. 'बुभुक्षा' हे इच्छार्थक रूप, म्हणजे खाण्याची इच्छा. 'हंगर'ला तो जवळचा आहे, 'क्लेम'ला नाही. 'दुष्काळ' वाईट काळाला दोष देतो, 'दुर्भिक्ष' म्हणजे जिथे भिक्षाही दुर्मिळ झाली अशी स्थिती. दोन्हींत माणूस कर्ता नाही. 'उपासमार' अधिक जवळचा. त्यातला 'उपास' मुळात व्रताचा, स्वेच्छेचा, पण 'मार' जोडला गेल्यावर ती स्वेच्छा उरत नाही. तरी रोजच्या वापरात 'उपासमार झाली' असेच आपण म्हणतो. ती होते. कोणी केली, हे बहुधा सांगत नाही.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'पोटाला चिमटा' हा वाक्प्रचार अगदी जुळतो, पण अर्थाच्या दृष्टीने तो फसवा आहे. आईने पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवले, असे आपण म्हणतो तेव्हा चिमटा काढणारा हात आणि पोट एकाच माणसाचे असते. त्यात त्याग आहे, कौतुक आहे. 'क्लेम'मध्ये हात दुसऱ्याचा आहे. बार्टनच्या तोंडी 'पोटाला चिमटा' घातला तर त्याचा आरोप त्यागात बदलेल. व्युत्पत्तीवर विसंबून अर्थ लावू नये असे आपण वर म्हटले, त्याचा हा प्रत्यक्ष दाखला.

अर्थाने सर्वांत जवळ येतो तो 'पोटावर मारणे' किंवा 'पोटावर पाय देणे' हा वाक्प्रचार. पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका, असे कामगार आजही म्हणतो. त्यात कर्ता आहे, कर्म आहे, आणि दोघांमधले रोजगाराचे नातेही आहे. सकर्मक 'क्लेम'साठी तो घ्यावा. अकर्मक जागी 'उपाशी मरणे' पुरेल. म्हणजे एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत दोन लागतील, आणि प्रत्येक जागी वाक्याचा कर्ता तपासून निवड करावी लागेल. हे काम किचकट आहे, पण तळटिपेने जे गळू दिले ते अनुवादाने परत आणायचे तर दुसरा मार्ग नाही.

संपूर्ण संवाद वऱ्हाडीत किंवा अहिराणीत आणावा काय? मोह होतो. पण मग विणकर मँचेस्टरचा न राहता आपल्या गावचा होतो, आणि 'सुरत' कापसाला शिव्या देणारा माणूस स्वतःच कापूस पिकवणाऱ्याच्या भाषेत बोलू लागतो. हा विरोध अनुवादकाने निदान जाणून घ्यावा. बोलीचा रांगडेपणा साधी, तोंडी मराठी वापरूनही राखता येतो.

९. समारोप

या घटकात आपण एका लहानशा शब्दाची तपासणी केली. त्याच्या मुळाशी पकड आहे, पण समीक्षेसाठी त्याचे मूळ जितके उपयोगी पडले त्याहून अधिक त्याचे व्याकरण पडले. 'मेरी बार्टन'मधील निवेदिका भूक विसरणाऱ्यांना आठवण करून देते, कामगार उपाशी मारणाऱ्याचा शोध घेतो, आणि तळटीप शब्दाला प्रतिष्ठा देता देता त्या शोधातला कर्ता वगळते. 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये तोच प्रश्न संघटनेलाही विचारला जातो.

बोलीतील शब्द वाचताना विद्यार्थ्यांनी टिपेतला अर्थ घ्यावाच, पण तिथे थांबू नये. हा शब्द कोण उच्चारतो, कोणाला उद्देशून, आणि वाक्यात कर्ता व कर्म कोण आहे, हे पाहावे. आज वायव्य इंग्लंडमध्ये 'क्लेम्ड' हा शब्द आता मुख्यतः वयस्कर माणसांच्या तोंडी उरला आहे, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ केवळ 'फार भूक लागली' इतकाच असतो. शब्दातला आरोप झिजला हे एका परीने सुदैव म्हणावे, कारण ज्या घरांत तो रोज लागत असे त्या घरांची स्थिती बदलली. पण कादंबरी वाचताना तो आरोप ऐकू आला पाहिजे. नाही तर आपणही कार्सन यांच्या स्वयंपाकघरातल्या नोकरांसारखेच होऊ. मनाने चांगले, आणि समोर कोण उभा आहे याचा पत्ता नसलेले.

विचारासाठी प्रश्न

१. 'हंगर', 'स्टार्व्ह' आणि 'क्लेम' या तीन शब्दांच्या अर्थक्षेत्रांतील फरक स्पष्ट करा.

२. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे विधान 'पोटाला चिमटा काढणे' या वाक्प्रचाराच्या आधारे तपासा.

३. आपल्या परिसरातील बोलीत भुकेसाठी कोणते शब्द व वाक्प्रचार आहेत? त्यांपैकी कोणत्यांत भूक 'लागते' आणि कोणत्यांत ती कोणीतरी 'लादतो', अशी विभागणी करा.

४. बाउचरच्या व्यक्तिरेखेतून गॅस्केल संघटनेवर अन्याय करतात असे तुम्हाला वाटते काय? कादंबरीतील प्रसंगांच्या आधारे चर्चा करा.